आभारात घेतलेलं नाव

सुभाष काकांनी माईकवर लारिसाचं पूर्ण नाव घेतलं तेव्हा मावशी खुर्चीवरून उठली आणि सरळ स्टेजकडे चालायला लागली. लोकांना वाटलं बाई सत्कार घ्यायला चालल्यात. टाळ्या वाढल्या.

नाव, बापाचं नाव, आडनाव. मग गाव. मग "तिथल्या शाळेत भूगोल शिकवतात". सगळं सांगितलं काकांनी. आणि फेसबुक लाइव्ह चालू.

ते आडनाव मी इथं लिहिणार नाही. गावाचं नावही नाही. लारिसा हे नावसुद्धा मीच ठेवलंय. कुणाला पटत नसेल तर नाही पटत. मावशीचं नाव मात्र खरं आहे, तिला विचारून लिहितेय.

दीक्षा मावशी म्हणजे माझ्या आईची मोठी बहीण. नागपूरची, इंदोऱ्याची. सत्याऐंशी साली स्कॉलरशिप मिळाली म्हणून लेनिनग्राडला गेली. मायक्रोबायोलॉजी शिकली, तिथंच नोकरी केली, तिथंच लग्न केलं आणि तिथंच ते मोडलं. लग्नाचं विचारलं की ती उठून किटली लावते. दोन हजार पाचला लंडनला आली. आता हॉस्पिटलच्या लॅबमध्ये असते, लोकांच्या रक्तालघवीत कुठला जंतू वाढतोय ते बघते. एजवेअरला दुकानांच्या वर तिचा फ्लॅट आहे. मी कॉलेज अर्ध्यात सोडलं तेव्हा आमच्या घरी कोर्ट भरलं होतं, आजीपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे जज. मावशी आली, कोट पण काढला नाही, मला म्हणाली, "अन्वी, बॅग भर." तेव्हापासून मी तिच्याकडे. तिच्याबद्दल कुणी वाकडं बोललं तर मी ऐकून घेत नाही. आमच्या लोकांना माहितीय ते.

लारिसा तिची हॉस्टेलची रूममेट. देश फुटला, पगार बंद झाले, दोघींनी मेट्रोच्या दाराशी उभं राहून मोजे विकले. पुढं दोन हजार सालानंतर त्या शहरात टकल्या पोरांच्या टोळ्या फिरायच्या. सावळा माणूस दिसला की मारायचे. हिटलरचा वाढदिवस वीस एप्रिलला, तेव्हा तर परदेशी मुलांना बाहेरच पडू नका म्हणून सांगायचे. म्हणजे आपली जयंती झाली की लगेच. लारिसा रोज संध्याकाळी स्टेशनवर येऊन उभी राहायची आणि मावशीला घरापर्यंत सोडायची. एकदा तिघांनी वाट अडवली. ही पुढं झाली आणि ओरडली, "कुठल्या शाळेतले रे तुम्ही? वर्गशिक्षिका कोण?" तिघं बाजूला झाले. शाळेची सवयच तशी लागलेली असते, मावशी म्हणते.

दोन हजार एकोणीसला लारिसा आमच्याकडे आली होती, नेमकी भीमजयंतीला. कमिटीनं तिला शाल घातली, गुलाब दिला. तिनं माईकवर "जय भीम" म्हटलं, ते हॉस्टेलमध्येच शिकलेली. हॉल वेडा झाला. म्हणून सगळे तिला ओळखतात. तिथंच घोळ झाला.

या वेळी कमिटीनं मावशीलाच भाषणाला उभं केलं. विषय, लोकशाही कशी जाते. मागच्या वर्षी एक प्रोफेसर बोलावला होता, लोक झोपले होते. मावशीनं कागद पण घेतला नाही. पहिलंच वाक्य म्हणाली, "मला तो आवडला होता."

कुणाबद्दल बोलतेय हे सगळ्यांना माहीत होतं.

"नव्याण्णव सालचा शेवटचा दिवस," ती म्हणाली. "मी आणि माझी मैत्रीण किचनमध्ये बटाटे सोलत होतो. टीव्हीवर म्हातारा अध्यक्ष आला, म्हणाला मी चाललो. त्याच्या जागी एक बारीकसा, गप्प माणूस. मैत्रीण म्हणाली, चला, हा पीत तरी नाही. मी म्हटलं, हो ना गं. खूश होतो आम्ही. पगार वेळेवर यायला लागले. रेडिएटर गरम व्हायला लागले. मग टीव्हीची चॅनलं त्याच्या लोकांकडे गेली. गव्हर्नर आधी लोक निवडून द्यायचे, आता तोच नेमायला लागला. आम्ही म्हटलं, राजकारण आहे, आपल्याला काय. दोन टर्म संपल्या तर खुर्ची मित्राला दिली आणि नंतर परत घेतली. मग घटनाच बदलली, जुन्या टर्म मोजायच्याच नाहीत म्हणून."

पुढच्या रांगेत रंभाबाई बसल्या होत्या. "अगंबाई," असं मोठ्यानं म्हणाल्या.

"तुम्ही विचाराल, कळलं कधी? तारीख नाही सांगता येत मला. शिव्या कुठं द्यायचो तेवढं सांगते. आधी ट्रॅममध्ये द्यायचो. अख्खी ट्रॅम हसायची. मग स्टाफरूममध्ये, दार लावून. मग फक्त किचनमध्ये. मग किचनमध्ये पण नळ सोडून. आता माझी मैत्रीण फोन घरी ठेवते, मशरूम वेचायला जंगलात जाते आणि तिथं झाडांना देते शिव्या."

लोक हसले. मग हसायचे थांबले.

"तिच्या वर्गात नवा नकाशा आला. दुसऱ्या देशाचे जिल्हे आपल्या रंगात. लावा म्हणाले. तिनं लावला. जुना फाडून टाका म्हणाले, तो तिनं कपाटामागं सरकवून ठेवला. एवढंच तिचं बंड. आणि एवढ्याला पण तिथं जेल आहे." मग तिनं बाबासाहेबांच्या फोटोकडे हात केला. "यांनी सांगून ठेवलंय, माणसाच्या पाया पडू नका. आपण फोटो लावतो आणि कुणाच्या ना कुणाच्या पाया पडतोच. बघा जरा."

नाव घेतलं नाही तिनं. "मैत्रीण", बास. पण एकोणीस साली हॉलमध्ये असलेल्या प्रत्येकाला कळलं की ही आपली लारिसाताई.

आणि कमिटीचे सुभाष काका आभार मानायला उठले. आमच्यात आभारप्रदर्शन म्हणजे चेष्टा नाही. मंडपवाला, खीर करणारी, खुर्च्या लावणारा, सगळ्यांची नावं पूर्ण घ्यायची. एका वर्षी प्रमोददादाचं नाव राहिलं. त्यानं साउंड सिस्टिम लंडनबाहेरच्या ब्रॅकनेलवरून स्वतःच्या गाडीत घालून आणली होती. तो पुढं दोन वर्षं कार्यक्रमाला आला नाही. तेव्हापासून काका आभाराला परीक्षेसारखा घाम गाळतात. खीर झाली, खुर्च्या झाल्या, आणि मग आवाज भरून आला त्यांचा. "आणि सातासमुद्रापलीकडं बसून, जिवाची पर्वा न करता ही माहिती देणाऱ्या, आपल्या सर्वांच्या लाडक्या, आयुष्मती..."

मावशी स्टेजजवळ पोचली. माईक बाजूला केला. "रूपाली, बंद कर."

रूपाली काकांची मुलगी. लाइव्ह तिच्या फोनवर चाललं होतं. तिला वाटलं चार्जिंगचं काहीतरी. "अजून आहे मावशी, फॉर्टी परसेंट."

मी खुर्च्यांवरून उडी मारली आणि फोन हातातून ओढून घेतला.

"काय झालं ताई?" काका गोंधळले. "उच्चार चुकला का?"

"अगदी बरोबर होता," मावशी म्हणाली. "तिथं यावरून माणूस उचलतात, सुभाष."

"पण आपल्याच आहेत ना त्या! एवढं केलं त्यांनी आणि नाव घेतलं नाही तर..."

"काका, अक्कल कुठं ठेवली होती?" मी ओरडले.

"अन्वी, गप." मावशीचा आवाज हळू होता. काका खाली बसले. हातातली चिठ्ठी घडी करत राहिले, बारीक, अजून बारीक. मग लोक सरणत्तय, म्हणजे शेवटची वंदना, म्हणायला उभे राहिले, कारण ते म्हटल्याशिवाय जायचं कसं. मावशी पण उभी राहिली. म्हटलं तिनं सगळं. हात जोडलेले आणि डोळे माझ्या हातातल्या फोनवर.

व्हिडिओ उडवला. एकोणीस सालचे शालीचे फोटो उडवले. पण लाइव्ह चालू असतानाच लोकांनी भाषण पुढं पाठवलं होतं. कुणी स्क्रीन रेकॉर्ड केलेलं. भाषण चांगलं झालं हाच प्रॉब्लेम होता. वाईट झालं असतं तर कुणी बघितलं पण नसतं.

"कुणी कुणी पाठवलं?" मावशीनं विचारलं.

रंभाबाईंनी हात वर केला. पंच्याहत्तरीच्या आहेत, गुडघे गेलेत, पण एजवेअरपासून नागपूरपर्यंत समाजाचा एक ग्रुप असा नाही ज्यात त्या नाहीत. "मी पाठवलं. सगळीकडं. अभिमान वाटला मला."

"आता काढायला लावा, रंभाबाई."

"लावते. चष्मा दे गं कुणीतरी."

आणि बाईंनी हॉलच्या किचनमध्ये खिरीच्या पातेल्याशेजारी बसून फोन लावायला सुरुवात केली. "मी रंभाबाई बोलते. दीक्षाचा व्हिडिओ काढ. का ते विचारू नको. काढलास? फोटो पाठव काढल्याचा. पुढं कुणाला दिलास? त्याचा नंबर सांग." एका प्राध्यापकानं नागपुरातून वाद घातला असावा. त्याला म्हणाल्या, "तुझ्या लग्नात मी उष्टी भांडी घासलीत. काढ."

मावशी पहिल्यांदा जरा हसली. "बघितलंस अन्वी? हुकूमशाही कशी पटकन काम करते."

"गप बस तू," रंभाबाई फोनवर हात ठेवून म्हणाल्या. "तुझ्या मैत्रिणीसाठी चाललंय."

रात्रीपर्यंत बहुतेक ठिकाणाहून गेला. एक राहिला. प्रमोददादाचं चॅनल. त्यानं भाषण इंग्लिश सबटायटल टाकून लावलं होतं, काकांच्या आभारासकट. ते रडवेले झाले ना, ते त्याला फार भिडलं. फोन उचलत नव्हता. आणि लारिसा दर रविवारी खिडकीतून दिसणाऱ्या रस्त्याचा एक फोटो पाठवते, काही न लिहिता. तो आला नव्हता. मावशी विचारू पण शकत नव्हती. विचारायचं म्हणजे तिच्या फोनवर अजून एक मेसेज, आणि त्यात लिहिणार काय?

सोमवारी मावशीनं लॅबमध्ये सिक कळवलं. एरवी ताप असला तरी जाते ती. आम्ही ब्रॅकनेलला गेलो, प्रमोददादाच्या ऑफिसात. काचेची बिल्डिंग, सोफे असे की बसलं की उठता येत नाही. तो गळ्यात कार्ड घालून खाली आला, खूश.

"जय भीम ताई! अहो काय बोललात तुम्ही! कुठं कुठं बघतायत लोक. जर्मनी, पोलंड..."

"जय भीम. काढ तो."

त्याला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं त्यानं, नीट. तो वाईट माणूस नाही, हे मला आता लिहिता येतं. तेव्हा मला त्याच्या गळ्यातलं कार्ड ओढावंसं वाटत होतं.

"नावावर बीप टाकतो," तो म्हणाला. "आत्ता वर जाऊन टाकतो. आभाराचा भाग कापतो."

"आणि नकाशा? कपाटामागं नकाशा ठेवणाऱ्या भूगोलाच्या बाई अशा किती असतील? ज्यांनी नाव आधी ऐकलं ते जोडणार नाहीत?"

"ताई, पण असं घाबरलो तर त्याचंच फावतं ना. आपण इंग्लंडमध्ये आहोत."

"आपण आहोत. ती नाही." मावशी सोफ्याच्या अगदी कडेवर बसली होती. "प्रमोद, तिच्या जिवावर शूर होऊ नको."

तो लाल झाला. मग म्हणाला, "मग तिला विचारा. शिकलेली बाई आहे. तिलाच वाटत असेल जगाला कळावं म्हणून. घाबरायचं हे पण तिच्या वतीनं तुम्हीच ठरवणार का?"

मावशी नुसती दाराकडं बघत राहिली, लोक कार्ड टेकवून आत जात होते, टिक, टिक.

"विचारता आलं असतं तर इथं आलो असतो का?" मी म्हटलं. "दादा, काढतोस की मी इथंच आरडाओरडा करू? मला काही वाटत नाही. मला इथं नोकरी पण करायची नाही."

रिसेप्शनवालीनं मान वर केली. प्रमोददादानं फोन काढला, दोनतीनदा दाबलं आणि स्क्रीन आमच्याकडं फिरवली. गेलं. "तुमच्यासाठी काढतोय ताई. मला पटलेलं नाही."

"नको पटू दे," मावशी म्हणाली. "थँक यू."

ट्रेनमध्ये तिनं सॅन्डविच घेतलं ते तसंच हातात. मला वाटलं सगळं काढून झालं, आता सुटलो. तिला म्हटलं पण. ती म्हणाली, "जर्मनी म्हणाला तो. ऐकलंस ना?"

मंगळवारी फोन आला. संध्याकाळ होती, उजेड होता अजून, मावशी लॅबमधून येऊन बूट काढत होती. टेलिग्रामचा कॉल. एक बूट पायात, एक हातात, तशीच तिनं उचलला आणि स्पीकरवर टाकला. मला रशियन अर्धवट कळतं, तिच्याकडे राहून राहून. उरलेलं तिनं नंतर सांगितलं.

लारिसा दर वेळी "जय भीम" म्हणूनच सुरुवात करते. या वेळी म्हटलं नाही.

तिची हेडबाई तिचीच जुनी विद्यार्थिनी आहे. शाळा सुटल्यावर तिनं लारिसाला थांबवलं आणि फळा पुसता पुसता सांगितलं, उद्या दोन माणसं यायचीत. शिक्षकांशी बोलणार. परदेशात कोण ओळखीचं आहे ते विचारणार. फोन बघणार. मी काही बोलले नाही, तुम्ही काही ऐकलं नाही.

"व्हिडिओमुळं?" मावशीनं विचारलं.

"माहीत नाही. जर्मनीतल्या एका पोरानं मला तो पाठवला होता. बाई, या तुम्हीच ना, म्हणून. त्यानं पाठवला तर अजून कुणी बघितला असेल. किंवा नसेल. इथं सगळ्याच शाळांत जातात ते."

आजपर्यंत आम्हाला माहीत नाही. व्हिडिओमुळं, की नाही.

"माझं चुकलं, लारा. नकाशाचं बोलायला नको होतं मी."

"तो शाल देणारा होता ना, नाव घेणारा?"

"तोच."

"चांगला माणूस. बापाचं नाव पण बरोबर घेतलं. आमची हेडबाई पण चुकते." हसली ती. मग लगेच म्हणाली, "दीक्षा, ऐक. आपलं सगळं बोलणं पुसायचंय. माझ्याच्यानं होत नाहीये. दोनदा बोट ठेवलं. तू कर. तुझ्याकडून केलं तर माझ्याकडचं पण जातं ना?"

"जातं."

"मग कर. फोटो, आवाज, सगळं. माझा नंबर पण. आणि नंतर फोन करायचा नाही. लिहायचं नाही. कुणाबरोबर निरोप नाही."

"किती दिवस?"

"कर आधी," लारिसा म्हणाली.

बारा-तेरा वर्षांचं होतं त्यात. लारिसाची आई गेली ते. मावशीच्या घटस्फोटाबद्दल दोघी जे बोलल्या असतील ते, मला न सांगितलेलं. दर रविवारची खिडकी, बर्फातली, उन्हातली. लारिसा झोपेत असल्यासारखी बडबडते ते लांबलचक आवाजी मेसेज, मावशी भांडी घासताना लावायची.

मी हळूच म्हटलं, "मावशी, दोन मिनिटं थांब. मी आधी कॉपी करून ठेवते. आपल्या लॅपटॉपवर. कुणाला कळणार नाही."

"नको."

"अगं इथं कोण येणारे बघायला?"

"कुणी नाही येणार. मी ऐकत बसेन. आणि ऐकलं की एक दिवस तिला लिहीन." तिनं चष्मा लावला. "तिनं सगळं पुस म्हटलंय."

ती मला कर म्हणाली असती तर मी केलं असतं. म्हणाली नाही. स्वतः चॅटवर बोट दाबून धरलं. खाली एक चौकोन येतो, समोरच्याकडचंही काढू का म्हणून. तिनं त्यात टिक केली आणि दाबलं. काही आवाज पण झाला नाही. नुसती खालची ओळ वर आली, कुठल्यातरी फार्मसीचा मेसेज होता.

"गेलं," पलीकडून लारिसा म्हणाली. तिच्याकडं पण दिसलं असणार.

कॉल चालूच होता. पलीकडं कुत्रं भुंकत होतं, कुणीतरी जिन्यातून चाललं होतं, मावशीचा एक बूट अजून मांडीवर.

"ठेव," लारिसा म्हणाली.

मावशीनं ठेवला नाही. मग तिकडून कट झाला.

आता वर्ष होईल. सुभाष काका येतात अधूनमधून, पाच मिनिटं बसतात, चहा अर्धा ठेवून जातात. मावशी त्यांना एका शब्दानं रागावलेली नाही. मी पण आता रागावत नाही, तिनं सांगितलंय म्हणून. लॅबला जाते, येते. त्या माणसाचं नाव बातम्यांत आलं की आधी ती टीव्हीवर तोंडसुख घ्यायची, अस्सल नागपुरी. आता चॅनल बदलते.

एकदा मला राहवलं नाही. त्या गावाच्या शाळेचं पान शोधून काढलं लॅपटॉपवर. शिक्षकांचे फोटो असतील, लारिसा त्यात आहे की नाही तेवढं तरी कळेल, असं वाटलं. पान उघडत होतं तेवढ्यात मावशी मागून आली आणि लॅपटॉप बंद केला.

"कोण कुठून बघतंय ते कळतं त्यांना. लंडनवरून कुणी बघितलं की कुणीतरी विचारणार, का बघितलं."

"मावशी, आपण एजवेअरमध्ये आहोत."

"माहितीय," ती म्हणाली. लॅपटॉप परत उघडला, ते पान बंद केलं आणि हिस्टरीतून पण पुसून टाकलं.